उतारावरच्या डहाळ्या

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रेन्दालच्या गाव-सभागृहात बैठक झाली, आणि त्या बैठकीत आर्नस्टाइन मोएन एक वाक्य बोलून गेला. "दोन्ही छान आहेत." एवढंच. पण पुढं महिनाभर ते वाक्य त्याच्या मानगुटीवर बसलं.

निमित्त स्पर्धेचं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी गावाच्या टेकडीवर स्की-उडीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा व्हायची होती. चौदा देशांचे खेळाडू येणार, टीव्हीवाले येणार. ब्रेन्दालला हा मान बावीस वर्षांनी मिळत होता, तेव्हा या खेपेला सगळं झोकात करायचं असं समितीचा अध्यक्ष हालगेर यानं ठरवून टाकलं होतं. हालगेर गावचा दूधसंघ चालवायचा. आवाज मोठा, मनही मोठं, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की बाहेर काढणं मुश्कील. त्यानं त्रोन्हाइम शहरातून तोरुन हाउग्ली नावाची एक डिझायनर आणली. झेंडे, कुंपणावरचे कापडी फलक, खेळाडूंच्या छातीवरचे नंबर, उतारावरच्या रेघा, या सगळ्यांचे रंग तिनं ठरवायचे होते.

तोरुन चौतिशीची. कमी बोलायची, पण बोलली की लोक ऐकायचे. तिनं सभागृहाच्या पडद्यावर चित्रं लावली आणि म्हणाली, "डिसेंबरात मी इथं तीन दिवस राहिले. सकाळी सूर्य डोंगराआड असतो तेव्हा बर्फावर जे रंग उतरतात, तेवढेच मी घेतलेत. फिका गुलाबी, अगदी पुसट हिरवा आणि दुधात निळीचा थेंब पडावा तसा निळा. जगात कुणीही टीव्ही लावला की त्याला ब्रेन्दालची सकाळ दिसली पाहिजे."

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. मागच्या टेबलावर वॅफल भाजणारी बोर्गहिल्द, म्हणजे आर्नस्टाइनची बायको, ती सुद्धा साचा उघडा टाकून बघत राहिली.

आर्नस्टाइन पहिल्या रांगेत होता. एकतीस वर्षं टेकडीची देखभाल त्याच्याकडे होती. तो म्हणाला, "उतारावर आपण स्प्रूस झाडाच्या गडद डहाळ्या टाकतो. आणि एक गडद निळी रेघ मारतो."

"जुन्या चित्रफितींत पाहिलंय मी," तोरुन म्हणाली. "कॅमेऱ्यातून त्या डहाळ्या कचरा सांडल्यासारख्या दिसतात रे. आणि ती रेघ म्हणजे चित्रावर सुरी फिरवल्यासारखी. मी त्या जागी फिकी रेघ धरलीय." मग ती त्याच्याकडे वळली. "पण टेकडीचा जाणकार तू. तूच सांग. रेघेसाठी दोन रंग आहेत. डावीकडे गुलाबी, उजवीकडे हिरवा. बर्फावर कुठला जास्त उठून दिसेल?"

आर्नस्टाइननं पडद्याकडे पाहिलं. डावीकडे एक राखाडी पट्टा होता. उजवीकडेही राखाडी पट्टा होता. कुठं एक संपतो आणि कुठं दुसरा सुरू होतो, तेही त्याला नीट कळेना. अख्खं सभागृह त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

"दोन्ही छान आहेत," तो म्हणाला.

"मग गुलाबी!" हालगेरनं टेबलावर थाप मारली. "खुद्द आर्नस्टाइन पसंत म्हणतोय!"

अठ्ठेचाळीस वर्षं त्यानं ही गोष्ट कुणाला कळू दिली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी तो आगगाडीचा चालक व्हायला निघाला होता. सगळ्या परीक्षा पार पडल्या आणि शेवटी डॉक्टरनं ठिपक्याठिपक्यांची वही पुढं धरली. "यातला आकडा वाच." "कुठला आकडा?" आर्नस्टाइननं विचारलं, आणि डॉक्टरनं वही मिटून टाकली. लाल आणि हिरवा दिवा ज्याला वेगळा ओळखता येत नाही त्याच्या हाती गाडी कोण देणार? घरी येऊन तो म्हणाला, दिवसभर बसून करायचं काम आपल्याला सोसणार नाही. मग सुतारकाम धरलं. रंगाचे डबे घेताना दुकानदाराला म्हणायचा, झाकणावर नाव लिही, घाईत गोंधळ होतो. गावानं कधी खोदून विचारलं नाही.

आणि टेकडीच्या कामात ही उणीव उलट पथ्यावर पडली होती. स्की-उडी घेणारा माणूस धावपट्टीच्या टोकावरून हवेत सुटतो तेव्हा खाली जे दिसतं ते नुसतं पांढरं असतं. जमीन किती लांब आहे हे कळायला त्या पांढऱ्यावर काहीतरी काळोखं लागतं. डहाळ्या आणि गडद रेघ त्यासाठीच. आर्नस्टाइनला रंगांची भुरळ पडत नसे, त्यामुळं त्याला फक्त उजेड आणि सावली दिसायची. दुपारी तो पंचांच्या मचाणावर उभा राहून डोळे किलकिले करायचा आणि खाली माणसांना सांगायचा, "तिथं अजून चार डहाळ्या टाक. त्याच्या वर दोन." उतार पोट काढून पुढं आल्यासारखा दिसला की मग तो खाली उतरायचा.

यंदा मात्र डहाळ्या नव्हत्या. गावानं दोन शनिवार श्रमदान केलं. फलक ताणले, झेंडे उभारले, सगळे थर्मासमधली कॉफी पीत टेकडीकडे बघून खुश झाले. आर्नस्टाइननंही खिळे ठोकले. बोलायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. रंग फिके आहेत म्हणावं, तर तोरुन विचारणार, कुठला, गुलाबी की हिरवा?

स्पर्धेला आठ दिवस असताना चाचणीच्या उड्या ठेवल्या होत्या. त्या दिवशी आभाळ खाली आलं. बारीक बर्फ भुरभुरत होता. आभाळ, उतार आणि कुंपण हे सगळं एकाच कापडातून फाडून काढल्यासारखं झालं. आर्नस्टाइननं वायरलेसवर हालगेरला सांगितलं, "उजेड वाईट आहे."

"सगळ्यांना सारखाच वाईट आहे," हालगेर म्हणाला. "स्पर्धेच्या दिवशी काय सूर्याला आमंत्रण धाडणार आहेस?"

तीन उड्या नीट झाल्या. चौथी आइदिस नावाच्या पोरीची होती. एकोणीस वर्षांची, खालच्या वाडीतली. मोठ्या खेळाडूंच्या आधी उडी मारून उतार तपासून द्यायचा, हे तिचं काम. ती छान सुटली, अंगावर हवा घेतली, बाण सोडावा तशी आली. आणि मग जिथं पाय मोकळे करून उतरायचं तिथं ती तशीच राहिली, पुढं वाकलेली, जणू अजून वेळ आहे. जमीनच तिच्यावर येऊन आदळली. एक स्की सुटून एकटीच घसरत खाली गेली. आइदिस दोनदा उलटीपालटी झाली आणि खालच्या सपाटीवर जाऊन थांबली.

ती स्वतःच उठून बसली. मनगट मोडलं होतं, बाकी काही नाही. आरोग्यकेंद्रात प्लास्टर घालून ती सभागृहात परत आली तेव्हा बोर्गहिल्दनं तिच्यापुढं वॅफल आणि तपकिरी चीज ठेवलं. आर्नस्टाइन समोरच्या खुर्चीवर जाऊन बसला.

"काय झालं गं?"

"काय सांगू!" आइदिस डाव्या हातानं खात म्हणाली. "खाली बघत होते. जमीन येतेय की नाही तेच समजेना. वाटलं, अजून दोन हात आहे. तेवढ्यात ती आलीच."

"ती गुलाबी रेघ नाही दिसली?"

"कुठली रेघ?"

कॉफी तशीच ठेवून आर्नस्टाइन बाहेर पडला आणि गाडीत बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बेकरीच्या माडीवर गेला. तोरुन तिथं भाड्यानं राहत होती. दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले दिसले. टेबलावर तिचे रंगांचे कागद पसरले होते.

"आइदिसबद्दल आला असशील," ती म्हणाली. "मी फोन केला होता तिला. ती म्हणते, माझीच चूक झाली."

"तिची नाही. माझी." त्यानं टोपी काढून हातात धरली. "त्या दिवशी तू मला दोन रंग दाखवलेस. मला ते दोन दिसलेच नाहीत. मला लाल-हिरवं कळत नाही, तोरुन. जन्मापासून."

"म्हणजे तू मला... नुसतं काहीतरी सांगितलंस?"

"हो."

"दोन महिने मी या रंगांवर घालवलेत. आणि ज्या एका माणसावर भरवसा ठेवून मी रेघ ठरवली, त्यानं काहीतरी सांगितलं!"

"लाज वाटली."

"लाज!" ती खिडकीकडे गेली. खाली बेकरीवाली दारातला बर्फ फावड्यानं ओढत होती, तो आवाज तेवढा येत होता. तोरुन पाठमोरीच म्हणाली, "पण मला नीट दिसतं ना? मग मला का नाही दिसलं?"

"तू उबदार खोलीत बसून बघितलंस. ती पोर हवेतून बघत होती."

तोरुननं फोन काढला. आदल्या दिवशी तिनं खालच्या सपाटीवरून टेकडीचा फोटो घेतला होता. तिनं त्यातला रंग काढून टाकला आणि फोन टेबलावर ठेवला. दोघं वाकून बघू लागले. फोटोत पंचांचं मचाण होतं, मागं जंगल होतं. टेकडी नव्हती. जिथं उतार, रेघ, कुंपण असायला हवं तिथं नुसता कोरा कागद होता.

"तुला हे असं दिसतं?" तिनं हळूच विचारलं.

"अगदी असं नाही. निळं दिसतं, पिवळं दिसतं. पण तुझं गुलाबी आणि हिरवं, हो, असंच."

"आणि आभाळ भरलं की सगळ्यांनाच असं." ती खुर्चीत बसली. "पहिल्याच दिवशी एवढं करून बघायला हवं होतं. एवढंसं तर काम होतं."

आर्नस्टाइननं टोपी डोक्यावर घातली. तो म्हणाला, "बूट घाल. जंगलात जाऊ."

दुपारपर्यंत त्यांनी कुऱ्हाडीनं डहाळ्या तोडून गाडीचा मागचा भाग भरला. उतारावर दोरी बांधून तो डहाळ्या टाकू लागला आणि मचाणावर तोरुन उभी राहिली. आज सांगायचं काम तिनं करायचं, असं त्यानंच ठरवलं. आधी तिचं चुकलं. सगळ्या डहाळ्या ती सारख्या अंतरावर टाकायला लावत होती. "गालिचा विणतेयस का?" तो खालून ओरडला. मग तिनं डोळे किलकिले केले. "मधली काढ. वर दे. आता डावीकडे एक." हळूहळू उतार पांढऱ्यातून वर आला. तोरुन बोलायची थांबली तेव्हा त्याला कळलं, जमलं.

कुंपणाचा प्रश्न राहिला होता. उताराच्या दोन्ही बाजूंचे फिके फलक बर्फात विरघळत होते, आणि नवे छापायला वेळ नव्हता. तोरुन एका फलकाजवळ गुडघ्यावर बसली, त्याचा कोपरा उलटून बघितला आणि हाक मारली. वाऱ्यानं फाटू नयेत म्हणून फलकांना मागून जाड अस्तर लावलं होतं. गडद निळं, जवळजवळ काळं.

"आर्नस्टाइन, हा रंग दिसतो?"

"हा तर आंधळ्यालाही दिसेल."

संध्याकाळच्या बैठकीत तोरुन उभी राहिली. उतारावरचे बावीस फलक उलटे लावायचे, गुलाबी रेघेच्या जागी गडद निळी मारायची आणि डहाळ्या टाकायच्या, असं तिनं सरळ सांगून टाकलं.

हालगेर लाल झाला. आर्नस्टाइनला ते रंगावरून नाही, फुगलेल्या मानेवरून कळलं. "फलक उलटे? त्यांच्यावर पैशाची मदत करणाऱ्यांची नावं आहेत! ती काय जंगलातल्या हरणांनी वाचायची? एक पोरगी पडली म्हणून? पडतात गं. मी स्वतः तीनदा पडलोय."

"माझे रंग चुकले," तोरुन म्हणाली.

"चुकले कसे? सगळ्या गावाला आवडले. आर्नस्टाइननं निवडले! काय रे, म्हणाला होतास ना, दोन्ही छान आहेत?"

आर्नस्टाइन उठला. समोर बसलेल्या सगळ्यांच्या घरात त्यानं कधी ना कधी दारं-खिडक्या बसवल्या होत्या.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "पण मला ते दोन रंग वेगळे दिसले नव्हते. मला लाल आणि हिरवा ओळखता येत नाही. रेल्वेनं मला त्यासाठीच परत पाठवलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो, आणि आइदिसचं मनगट मोडलं."

मग मागून वॅफलच्या टेबलावरून बोर्गहिल्दचा आवाज आला.

"बोललास एकदाचा."

आर्नस्टाइन वळला. "तुला ठाऊक होतं?"

"लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. जंगलातून टोपलीभर लिंगनबेरी घेऊन आलास, छाती फुगवून. निम्म्या कच्च्या, हिरव्या. मी मुकाट्यानं साखर जास्त घातली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते. मुरंबा वाईट झाला नव्हता."

आधी आइदिस हसली, मग सगळं सभागृह. आर्नस्टाइनला आपले कान गरम झाल्याचं जाणवलं. पण ज्याची त्याला अठ्ठेचाळीस वर्षं धास्ती होती ते हसणं हे नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं त्याच्या दंडाला धरून खाली बसवलं आणि तंबाखूची डबी पुढं केली.

हालगेर मात्र अजून अडून होता, पण त्याचा आवाज उतरला होता. "बावीस नकोत. बारा उलटे करू."

"बावीस," तोरुन म्हणाली.

"सोळा?"

"हालगेर," बोर्गहिल्द म्हणाली, "हा काय दुधाचा दर ठरवतोयस?"

बावीस ठरले. ज्यांची नावं झाकली जाणार होती त्यांना हालगेरनं स्वतः फोन केले. चौघं काही बोलले नाहीत, एकानं मात्र त्याला अर्धा तास ऐकवलं.

स्पर्धेच्या दिवशी पुन्हा आभाळ भरलं. सकाळपासून भुरभुर चालू होती आणि दर वीस मिनिटांनी श्रमदानवाले उतारावर जाऊन डहाळ्यांवरचा बर्फ झटकत होते. खालच्या मैदानात आठ हजार माणसं, गाईच्या घंटा, सॉसेजचा वास. प्लास्टर घातलेली आइदिस निकालाच्या खोलीत लांबीचे आकडे वाचून दाखवत होती. आर्नस्टाइन मचाणाखाली आपल्या जागी उभा होता, हातात दंताळं, नजर उतारावर.

पहिला खेळाडू टोकावरून सुटला, डहाळ्यांवरून सावलीसारखा गेला, निळ्या रेघेच्या अलीकडे गुडघे मोकळे केले आणि अलगद टेकला. दुसराही तसाच. एक जपानी खेळाडू सगळ्यांत लांब गेला, रेघेच्या कितीतरी पुढं. तिथं उतार जवळजवळ सपाट होतो आणि पायांना दणका बसतो. त्यालाही जमीन येताना दिसली. अठ्ठेचाळीस जण उडाले. दोघं अडखळले, पण कुणी पडलं नाही.

स्लोव्हेनियाचा प्रशिक्षक उतरताना आर्नस्टाइनपाशी थांबला. मोडक्या इंग्रजीत त्यानं विचारलं, डहाळ्या कुणी मांडल्या? आर्नस्टाइननं मचाणाकडे बोट दाखवलं. तिथं तोरुन कठड्याला टेकून उभी होती, नाक पुसत. थंडीनं की कशानं, ते त्यानं विचारलं नाही.

सोमवारी त्रोन्हाइमच्या वर्तमानपत्रात आलं, की ब्रेन्दालचं आयोजन उत्तम होतं, पण टेकडीची सजावट म्हणजे बर्फावर शाईची दौत लवंडल्यासारखी. फलक तर उलटेच लागले होते, बहुधा घाईत. हालगेरनं ते कुंपण उतरवणाऱ्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "घाईत म्हणे!" त्याला राग आला होता. "मी पत्र लिहिणार आहे."

"नको लिहूस," तोरुन म्हणाली. तिनं कात्रण घडी करून खिशात ठेवलं. चेहऱ्यावरून तिला लागलं होतं असं वाटलं, पण लगेच ती म्हणाली, "लिहिणारा खुर्चीत बसून बघत होता. मीही तशीच बघत होते."

आर्नस्टाइन आणि ती उतारावर डहाळ्या गोळा करायला गेली. ऊन पडलं होतं. दोघं अर्धा तास काम करत होती. मग त्यानं विचारलं, "ते गुलाबी. खरंच एवढं चांगलं होतं का?"

तोरुन थांबली. "थंडीत पोरांचे गाल असतात ना, तसं."

"मला गालही राखाडीच दिसतात."

"मग नाही सांगता येणार रे मला."

"राहू दे," तो म्हणाला. "पुढची स्पर्धा कुठं आहे तुझी?"

"लिलेहामरच्या वरच्या गावात. घसरगाड्यांची. नोव्हेंबरात चित्रं काढायला घेईन."

"तिथली बर्फाची वाट मला ठाऊक आहे. दुपारी तिच्या वळणावर सावली येते. मला आधी दाखव."

"रंगीत पाठवू की राखाडी?"

"दोन्ही पाठव," आर्नस्टाइन म्हणाला, आणि डहाळ्यांचा भारा खांद्यावर घेऊन पायरी पायरीनं खाली उतरू लागला. तोरुन दुसरा भारा उचलून त्याच्या मागोमाग निघाली. खाली हालगेर ट्रॅक्टर सुरू करून त्यांच्या नावानं ओरडत होता, कारण कॉफी निवत चालली होती.